काचेपलीकडे पाठवलेला मेल

आजही कुणी मागून ‘अहो इंजिनिअर’ अशी हाक मारली की मी हातातलं काम टाकून अर्धा उठतो. मी इंजिनिअर नाही. साधा बी.कॉम. झालेला माणूस, नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. साखर कारखान्यांना लागणारे शाफ्ट, रोलर, चेन असलं काहीबाही आमच्याकडे बनतं. कधीकाळी मी संगणकाचा एक कोर्स केला होता आणि ही गोष्ट मुलाखतीत मूर्खासारखी सांगून बसलो. आमच्या मार्केटिंगच्या साहेबांना तेवढं पुरलं. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला साधी शिंक आली तरी हाक मला.

साहेबांचा सगळा जीव त्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्राममध्ये अडकलेला. जग मोबाईलवर गेलं, कारखान्यांचे चीफ इंजिनिअरसुद्धा फोटो काढून मोबाईलवर पाठवायला लागले, पण साहेब ढिम्म. “मोबाईलवरचं बोलणं म्हणजे एसटी स्टँडवरचं बोलणं,” ते म्हणायचे. “कोण बोललं, काय बोललं, संध्याकाळी कुणाला पत्ता नसतो. मला लेखी पाहिजे.” हे ‘लेखी पाहिजे’ त्यांच्या तोंडात दिवसातून इतक्या वेळा यायचं की वर्कशॉपमधली पोरं चहा मागतानासुद्धा ‘लेखी देऊ का’ म्हणायची.

त्यांची केबिन आणि ड्रॉइंग सेक्शन यांच्यामध्ये एक काच होती. नुसता हात वर केला तरी पलीकडच्याला दिसावा, जरा मोठ्याने बोललं तरी ऐकू जावं, एवढंच अंतर. पण साहेब पलीकडच्या माणसाला मेल करायचे. मेल केला की खुर्ची वळवून काचेतून बघत बसायचे, मिळाला का म्हणून. पलीकडच्याने वाचून मान हलवली तर बोट नाचवून खुणावायचे की मान नको, उत्तर पाठवा. उत्तर यायला वेळ लागला की मला हाक. “अहो इंजिनिअर, मेल अडकला बघा.” मेल कुठेही अडकलेला नसायचा. पलीकडचा माणूस जेवायला गेलेला असायचा.

बरं, मेल लिहिण्याची तऱ्हा वेगळीच. दोन बोटांनी टाइप करायचे आणि प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’ घालायचे, मेल इंग्रजीत असला तरी. परराज्यातल्या एका कारखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते ‘श्री’ उमटायचंच नाही, तिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसायची. शेवटी त्या कारखान्याच्या माणसाने फोन करून विचारलं, की तुमचे साहेब आम्हाला प्रत्येक वेळी सुरुवातीलाच काय विचारतात? मी साहेबांना विनवलं की तेवढं काढू या. “देवाचं नाव त्यांच्या मशीनला वाचता येत नाही, यात माझी काय चूक?” म्हणाले, आणि पुढच्या मेलवर परत ‘श्री’.

महिन्यातून एकदा तरी त्यांचे मेल ‘चोरीला’ जायचे. म्हणजे काय व्हायचं, माउस धरताना त्यांचा हात वरच्या पट्टीवर पडायचा, तारखेप्रमाणे लागलेले मेल नावाप्रमाणे लागायचे आणि आजचे मेल खाली कुठेतरी गडप व्हायचे. मग आरडाओरडा. मी स्टोअर टाकून पळत यायचो, एक क्लिक करायचो, मेल परत वर. साहेब माझ्याकडे संशयाने बघायचे. त्यांना मनापासून वाटायचं की मी हे मुद्दाम करतो, माझी किंमत राहावी म्हणून.

आणि ते भिंतीवरचं बटण! संध्याकाळी सुटी झाली की साहेब उठायचे, चष्मा खिशात घालायचे आणि भिंतीवरचं मेन बटण खटकन खाली. कॉम्प्युटर चालू, मेलचा प्रोग्राम उघडा, आणि वरून वीज तोडलेली. मी हात जोडून सांगितलं, “साहेब, आधी प्रोग्राम बंद करा, मग कॉम्प्युटर, मग बटण. तुमचे सगळे मेल एका फाइलमध्ये साठलेले असतात. अशी मधेच लाइट तोडली की ती फाइल एक दिवस बसेल.”

“घरी जाताना मी काय ट्यूबलाइटची परवानगी घेतो का?” साहेब म्हणाले.

आता इथवर ऐकून कुणाला वाटेल की माणूस खडूस असेल. तसंही नव्हतं. मूळचे राजूरकडचे. गावाहून आले की घरच्या काळभात तांदळाच्या पिशव्या भरून आणायचे आणि शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना वाटायचे. पिशवीवर नाव लिहिलेलं, आणि तांदूळ मिळाल्याचं उत्तर मेलवर मागायचे. शिपायाला मेल नव्हता. त्याच्या वतीने मी कळवायचो.

सगळ्यांवर कडी म्हणजे अमावास्या. साहेब अमावास्येला काही पाठवत नसत. कोटेशन नाही, बिल नाही, साधं ‘मिळालं’ एवढंसुद्धा नाही. त्या मेलच्या प्रोग्राममध्ये ‘ऑफलाइन’ म्हणून एक सोय असते. ती लावली की मेल लिहिता येतात, पण बाहेर जात नाहीत, आउटबॉक्समध्ये थांबून राहतात. ही सोय त्यांना कुणी दाखवली देव जाणे, मी नक्कीच नाही. कॅलेंडरवर काळा गोल आला की साहेब ऑफलाइन. अमावास्या कधी मधेच दुपारी लागते, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी सरते, त्यामुळे ते अर्धा दिवस ऑनलाइन, अर्धा ऑफलाइन. एकदा मी चिडून म्हणालो, “लक्ष्मीपूजन काय पौर्णिमेला असतं का?”

“लक्ष्मी त्या दिवशी घरात येते,” साहेब शांतपणे म्हणाले. “मी बाहेर पाठवायचं म्हणतोय.”

अमावास्या सरली की ते आउटबॉक्समधला एकेक मेल उघडून वाचायचे. स्वतःच्या लिखाणात त्यांना नेहमी काहीतरी चूक सापडायची, कुठे वेलांटी, कुठे स्वल्पविराम. ती सुधारायची, पुन्हा ‘सेंड’ दाबायचं, मग ऑनलाइन व्हायचं. हा सगळा सोहळा मी लांबून बघत असे आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेत असे.

काचेपलीकडे ड्रॉइंग सेक्शनमध्ये मनीषा आली तेव्हा सगळ्या वर्कशॉपमध्ये ती एकटीच मुलगी होती. सोनईची. डिप्लोमा झालेली, नगरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. घरच्यांनी नाखुशीनेच सोडलं होतं. चुलत्यांचा तर सरळ विरोध होता. नोकरी नीट झाली तर ठीक, नाहीतर परत ये आणि स्थळं बघू, असा करार. हे तिने मला एकदा स्टोअरमध्ये पेन्सिली घ्यायला आली तेव्हा हसत हसत सांगितलं होतं. हसत होती, पण गंमत म्हणून सांगत नव्हती.

श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्याची शाफ्टची ऑर्डर होती. गळीत हंगाम तोंडावर आलेला. कारखान्याने मधेच फोन करून साहेबांना सांगितलं की शाफ्टचं माप बदललंय, नवं माप घ्या. आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? काचेवर टकटक केलं असतं. साहेबांनी मेल लिहिला.

शाफ्ट जुन्याच मापाचे निघाले. सगळेच्या सगळे. कारखान्याचा माणूस वर्कशॉपमध्ये येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. मनीषा म्हणाली, “मला नवं माप कुणी सांगितलंच नाही.”

साहेब सगळ्यांच्या मध्ये उभे होते. मोठ्या आवाजात म्हणाले, “मी लेखी कळवलंय. मेल केलाय. या पोरींचं कामात लक्ष कुठे असतं? सगळं लक्ष मोबाईलात. वाचायला नको नि काही नको.”

लेथ मशीनवरची पोरं एकमेकांकडे बघून हसली. मनीषाने तिचा कॉम्प्युटर उघडून दाखवला, मेल नव्हता. साहेब म्हणाले, तिनेच काढून टाकला असेल. मालकांनी कारखान्याला सांगून टाकलं की आमच्या नव्या मुलीकडून चूक झाली, आणि तिला म्हणाले, सगळं स्पष्ट होईपर्यंत घरी बस. ती बॅग उचलून सोनईला गेली.

आता साहेबांना पुरावा पाहिजे होता. आणि पुरावा कुठे? तर त्या फाइलीत, जी त्यांच्या भिंतीवरच्या बटणाने काही दिवसांपूर्वीच खराब करून टाकली होती. प्रोग्राम एका सकाळी उघडायलाच तयार होईना, तेव्हा मी नवी फाइल करून दिली होती आणि जुनी तशीच बाजूला ठेवली होती. साहेबांनी तेव्हा तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होता, जणू बटण मीच दाबलं होतं.

“अहो इंजिनिअर, माझा तो मेल काढून द्या. छापून मालकांच्या टेबलावर ठेवतो.”

मला राग इतका आला होता की नाही म्हणावंसं वाटलं. पण मनीषाच्याही बाजूने बघितलं तर तो मेल सापडायलाच हवा होता. कधी आला, कुणी काढला, काहीतरी कळलं असतं. मी जुन्या फाइलीची एक नक्कल काढली, कारण मूळ फाइलीला हात लावायची माझी छाती नव्हती, आणि त्या प्रोग्रामबरोबरच येणारं दुरुस्तीचं एक अवजार असतं ते तिच्यावर चालवलं. ते कुठे दडवून ठेवलेलं असतं ते शोधण्यातच माझी सकाळ गेली. मग पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकायची, थांबायची, परत सरकायची. साहेब शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

“किती राहिलं?”

“मला काय माहीत, साहेब.”

“तुम्ही कोर्स केलाय ना?”

मी स्टोअरमध्ये जाऊन उगीचच बेअरिंगची खोकी इकडची तिकडे केली आणि परत आलो.

दुपारी फाइल उघडली. निम्मे मेल जागेवर होते, निम्मे एका वेगळ्याच फोल्डरमध्ये ढिगासारखे पडलेले. आम्ही ‘सेंट’, म्हणजे गेलेल्या मेलचं फोल्डर, बघितलं. मेल नव्हता. ढीग उपसला. त्यात खताच्या जाहिराती होत्या, तांदूळ मिळाल्याची उत्तरं होती, मेल नव्हता. साहेब म्हणाले, तुमच्या अवजाराने खाल्ला. सहज म्हणून आउटबॉक्सवर क्लिक केलं.

तिथे एकच मेल होता. वर ‘॥ श्री ॥’. खाली मनीषाचं नाव आणि एकच ओळ: शाफ्टचा व्यास नव्या मापाप्रमाणे घ्यावा, माप सोबत. तारीख बघून मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. त्या तारखेवर काळा गोल होता.

“पण मी दुसऱ्या दिवशी ऑनलाइन झालो होतो,” साहेब म्हणाले. “बाकीचे गेले सगळे.”

“हा उघडून वाचला होता?”

“वाचला ना. सगळेच वाचतो.”

“यात काही सुधारलं?”

साहेबांनी तो मेल पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, “यात चूकच नव्हती. नुसता बंद केला.”

त्या प्रोग्रामची ही एक खोड आहे. आउटबॉक्समध्ये थांबलेला मेल उघडला आणि ‘सेंड’ न दाबता बंद केला, की त्याला वाटतं लिहिणाऱ्याचा विचार बदलला. तो मेल मग तिथेच बसून राहतो, कुणाला काही सांगत नाही. साहेबांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव बिनचूक मेल, आणि तोच गेला नाही. मी हे त्यांना समजावून सांगितलं. आवाज चढू नये म्हणून फार सांभाळत होतो, तरी चढलाच.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाले, “छापा.”

मला वाटलं आता हा कागद ड्रॉवरमध्ये जाणार. खरं सांगतो, मला तसंच वाटलं होतं. पण ते कागद घेऊन सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि मलाही ओढत नेलं.

मालकांनी वाचलं, सुस्कारा टाकला. “जाऊ द्या साहेब. झालं ते झालं. कारखान्याला आपण पोरीचं नाव सांगून बसलोय. आता तुमचं नाव घेतलं तर पुढची ऑर्डर जाईल, त्यांचा सगळा भरवसा तुमच्यावर. ती तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल काम.”

“बरं,” साहेब म्हणाले. “मग तसं लेखी द्या.”

“कसं?”

“मला मेल करा. ‘चूक साहेबांची आहे हे मला माहीत आहे, तरी शिक्षा मनीषाला देत आहे.’ एवढं एक वाक्य. तुमच्या नावाने.”

मालक हसले. साहेब हसले नाहीत. मालक म्हणाले, असं कुणी लिहितं का. साहेब म्हणाले, लिहिता येत नाही ते करायचं कशाला. मालक चिडले, फोन घ्यायला लागले, चहा मागवला. साहेब खुर्चीत बसून राहिले. त्या माणसाच्या हट्टाने मी वर्षानुवर्षं पिचून गेलो होतो, पण त्या दिवशी मला तो हट्ट पहिल्यांदाच आवडला. चहा गार झाल्यावर मालक म्हणाले, “कारखान्याशी तुम्ही बोला. तुमच्या तोंडाने. आणि तिला बोलवा.”

साहेब कारखान्याशी बोलले नाहीत. मेल केला. पण केला लगेच, आणि गेला की नाही ते मला तीनदा तपासायला लावलं.

मनीषाला मात्र मेल करतो म्हणाले तेव्हा माझा संयम संपला. “साहेब, एकदा तरी तोंडाने बोला हो कुणाशी!” असं मी चक्क ओरडलो. ते दचकले. शनिवारी माझ्या मोटारसायकलच्या मागे बसून आले, सोनईपर्यंत माझ्या खांद्याला घट्ट धरून बसले.

दारात मनीषाची आई ज्वारी पाखडत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने सूप खाली ठेवलं, पण या बसा म्हणाली नाही.

“आता काय राहिलंय, साहेब? गावात लोक म्हंत्यात, कंपनीनं हाकलून दिली. दीर तर रोज एक स्थळ घिऊन येतो. पोरगी लई हुशार हुती हो माझी. नीट जेवत बी न्हाई आता.”

“चूक तिची नव्हती,” साहेब म्हणाले. “माझी होती.”

“मंग त्या दिवशी का न्हाई म्हनले?”

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पुढे धरला. आईने तो घेतला नाही. आतून मनीषा बाहेर आली. तिने कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला, तारीख बघितली. तिला लगेच कळलं. काचेपलीकडून तिनेही तो अमावास्येचा सोहळा बघितलेला होता.

“सोमवारपासून या,” साहेब म्हणाले. “मालकांनी सांगितलंय. कारखान्यालाही मी कळवलंय, लेखी.”

“येते,” मनीषा म्हणाली. “पण सर, तुम्ही जे वर्कशॉपमध्ये बोललात, ते कुठे लेखी होतं?”

“कोणतं?”

“पोरींचं लक्ष मोबाईलात असतं म्हणालात. सगळ्यांसमोर. लेथवरचे सगळे हसले. मेलचं मला काही नाही, मेल कुणाचाही राहतो. मला परत त्याच लोकांत उभं राहून काम करायचंय.”

“मी सगळ्यांना मेल करतो,” साहेब घाईने म्हणाले.

“लेथवर मेल कोण वाचतं, सर?”

मनीषाच्या आईने तेव्हा आम्हाला बसायला सांगितलं आणि चहा टाकला. परत येताना वाटेत साहेबांनी मला दोनदा गाडी थांबवायला लावली. दोन्ही वेळा नुसते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि परत बसले.

सोमवारी चहाच्या सुटीला सगळे वर्कशॉपमध्ये जमले. मनीषा ड्रॉइंगची गुंडाळी काखेत धरून खांबाजवळ उभी होती. साहेब मधोमध आले. हातात कागद नव्हता. दुसऱ्याच्या चुकांवर तासभर बोलू शकणाऱ्या त्या माणसाने आधी रिकामे खिसे चाचपले.

“शाफ्टची चूक माझी होती,” ते म्हणाले. “मेल माझ्याकडूनच गेला नव्हता. आणि मी जे पोरींबद्दल बोललो, ते चुकीचं होतं.”

मागे कुणीतरी एक लेथ चालू ठेवला होता. त्या घरघरीत निम्मं बुडालं.

“काय म्हनले साहेब?” मागून एकाने विचारलं.

साहेबांनी सुटका झाल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि केबिनकडे वळले.

“सर,” मनीषा म्हणाली, “मागच्यांना ऐकू आलं नाही.”

साहेब थांबले. मग स्वतः मागच्या लेथपर्यंत चालत गेले, त्याचं बटण बंद केलं, तो पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली, आणि सगळं पहिल्यापासून परत बोलले, या वेळी मोठ्याने.